घड्याळांमागचे पुठ्ठे

११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्यापासून घरात बोलणं कमी झालं आहे. आत्या त्यांचा कप अजून वेगळा ठेवते. तिचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजी नसावी. हिचा खोकला मात्र हटत नाही.

खरी अडचण तळघराची आहे. ग्रंथालयाने बांधायला दिलेली पुस्तकं मी जुजबंदीची शिलाई करून दाबात ठेवली आणि आठ दिवसांनी काढली तर कडांना बुरशी. ग्रंथपालबाईंनी ती नाकाशी धरली आणि काही न बोलता परत दिली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. खळ वाळत नाही, पुठ्ठे वाकडे होतात, भिंतीला पाठ टेकली तर सदरा ओला होतो.

आणि अशा तळघरात बाबा वर्षानुवर्षं काय करत आले ते तुला आठवत असेल. कोपऱ्यातलं लोखंडी झाकण काढायचं, खालच्या नळीत वजन बांधलेली दोरी सोडायची, वर ओढून दोरीची गाठ बोटांनी चाचपायची. गाठ कोरडी निघाली की बादल्या भरभरून पाणी घराखाली ओतायचं. शेजारच्या घड्याळकाकांनी त्यांचं नाव पाणक्या ठेवलं ते उगीच नाही. का ओतता असं विचारलं की उत्तर एकच, आजोबा ओतायचे. आजोबा का ओतायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी ते बंद केलं आहे. एकीकडे खळ वाळावी म्हणून शेगडी पेटवायची आणि दुसरीकडे घराखाली पाणी ओतायचं, हे माझ्याच्याने होत नाही. आत्या रुसली आहे. घराच्या पायांना पाणी हवं, एवढंच म्हणते आणि तोंड फिरवते. माझं चुकतंय का ते कळव.

लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझा,
खळ्या

२ फेब्रुवारी

चि. खळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं चुकत नाही. बाबांवर माझी माया होती, पण त्यांचं खूळ त्यांच्याबरोबर गेलं तर जाऊ दे. ओल्या भिंतींच्या घरातली माणसं इथे माझ्या वॉर्डात रोज येतात आणि मी त्यांच्या छातीला कान लावते. माझ्या भावजयीला मला तसं तपासायचं नाही.

आमच्या रुग्णालयाच्या तळघरातही पाणी होतं. विजेचा पंप बसवला, महिन्याभरात कोरडं ठाक झालं. तूही बसव. दुकानदाराचा पत्ता मागे लिहिला आहे. आत्याला सांग, मेट्रनचा हुकूम आहे. तिने माझ्या वेण्या घालताना मला जेवढं रडवलं त्याची ही परतफेड.

घड्याळकाकांना नमस्कार. त्यांनी लावून दिलेलं माझं मनगटी घड्याळ अजून सेकंदभर मागे पडत नाही. इथल्या डॉक्टरांची घड्याळं माझ्यावरून लागतात.

खळ पातळ झाली तरी चालेल, लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंप बसला. वेगळं भोक पाडावं लागलं नाही. बाबांच्या नळीतच पाइप सोडला, मजुराने बघता बघता काम उरकलं. पहिल्या दिवशी पाणी गटारात जाताना गल्ली बघायला उभी होती. आता तळघराच्या फरशीवर अनवाणी चालता येतं. पुठ्ठे सरळ राहतात. हिला रात्रभर झोप लागते. ग्रंथपालबाईंनी नवं काम दिलं आणि देताना किंचित हसल्यासुद्धा. गल्लीतल्या आणखी काही जणांनी माझं बघून पंप घेतले. सध्या मी शहाणा माणूस आहे.

आत्या मात्र बोलत नव्हती. मग एका दुपारी आपणहून बोलायला लागली. म्हणाली, ही गल्ली जमिनीवर नाहीच. तिच्या लहानपणी इथे चिखल होता, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी यायचं आणि ओहोटीला शहराची सगळी घाण उघडी पडायची. वास असा की लोक खिडक्या खिळ्यांनी बंद करून टाकत. मग बांध घातला, गावाबाहेरची टेकडी अर्धी खणली आणि तिची माती रुळांवरच्या डब्यांतून आणून इथे ओतली. ते काम ती लहान असताना सुरू झालं आणि तिचं लग्न मोडलं तरी चालू होतं. लग्न का मोडलं ते काही बोलली नाही.

आजोबा तिथे मुकादम होते. भरावात घर उभं राहत नाही, म्हणून झाडांचे सोटच्या सोट उलटे गाळात ठोकायचे, खालची घट्ट चिकणमाती लागेपर्यंत. मग खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांची डोकी कापायची आणि त्यावर दगड बसवायचे. डोकी पाण्याखालीच राहिली पाहिजेत असा वरून हुकूम होता. का, ते हुकमात नव्हतं. सगळी गल्ली अशा ओंडक्यांवर उभी आहे, आणि दोन घरांमधली भिंत दोघांची मिळून एक, तिच्याखाली ओंडक्यांची एकच रांग.

मी म्हणालो, लाकूड पाण्यात ठेवलं तर कुजणार नाही का. आत्या म्हणाली, कुजलं असतं तर तू जन्मलाच नसतास. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. झाडू मारताना कधीतरी शिंपले निघायचे ते का, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता माझी काळजी सोड आणि स्वतः वेळेवर जेवत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
खळ्या

५ नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं घड्याळ साफ करून पाठवत आहे. पत्र सहसा तुझा भाऊ लिहितो, मी नमस्कारापुरता. पण घड्याळासोबत चिठ्ठी नसेल तर ते पोरकं वाटतं.

आपल्या गल्लीत आता सगळे कोरडे झाले आहेत. खळ्याने पंप आणून चार वर्षं होत आली. मी घेतला नाही. मला ओलीचा त्रास नाही, आणि पाणक्याच्या मागे त्याच्या पाण्याची चेष्टा करणारा कोणीतरी उरायला हवा. त्याच्या बादल्यांचा आवाज भिंतीतून यायचा. आता पंपाची घरघर येते. बादल्या बऱ्या होत्या.

एक गोष्ट तुला सांगतो, घरात कोणाला सांगू नकोस. माझा हात गेला. तुमच्या-आमच्यातल्या भिंतीवर मी गिऱ्हाइकांची लंबकाची घड्याळं लावतो हे तुला माहीत आहे. वर्षभर त्यांचे लंबक मागच्या फळीला घासतात आणि थांबतात. मी घड्याळ सरळ करतो, वरच्या बाजूला मागे पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवतो, ते चालू लागतं. महिन्याभराने पुन्हा तेच. खळ्या हसत हसत तुकडे कापून देतो, काका, आता घड्याळांना चष्मे द्या म्हणतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत असं सांगितलं. म्हणजे हातच. ज्याला भिंतीवर घड्याळ सरळ टांगता येत नाही त्याने मनगटी घड्याळ उघडू नये. तुझं हे शेवटचं. दोनदा तपासून पाहिलं आहे.

नव्या गिऱ्हाइकांना मी हल्ली परत पाठवतो. कारण विचारलं तर कामाचा बोजा सांगतो.

म्हाताऱ्यावरचा लोभ वाढवण्याचे कष्ट घेऊ नयेत, आहे तेवढा पुरतो.

तुझे,
घड्याळकाका

१९ नोव्हेंबर

चि. खळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळकाकांनी सांगू नकोस म्हटलेली गोष्ट मी तुला सांगते आहे. त्यांना वाटतं त्यांचा हात गेला. गिऱ्हाइकं परत पाठवतात. त्यांच्याकडे लक्ष ठेव आणि उगाच चेष्टा करू नकोस.

मला हे पटत नाही. त्यांनी साफ केलेलं माझं घड्याळ मी स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. काटा हललेला नाही. हात गेलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

आत्याचे पाय सुजतात का ते लिही. तुमच्यावरचा माझा जीव तुम्हांला ठाऊक आहे, तो पत्राच्या शेवटी पुन्हा लिहीत नाही.

ताई

८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

महिन्याभरापासून स्वयंपाकघराचं दार लागत नव्हतं. मी दोनदा रंधा मारला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघाला आणि विटांवरून पायरी पायरीने खाली उतरला. गल्लीत इतरांकडेही तसेच तडे आहेत. शेवटी शहराच्या बांधकाम खात्यातून एक इंजिनिअरबाई आल्या. तुझ्याहून लहान असतील. त्यांनी आमच्या तळघरात मधल्या भिंतीलगत खड्डा खणायला लावला.

दगडाखाली ओंडक्याचं डोकं लागलं. बाईंनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यात टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला, जोर लावावा लागला नाही. आतलं लाकूड भिजून सुटलेल्या पुठ्ठ्यासारखं होतं. मजुराने आणखी खोल खणलं. जिथे पाणी होतं तिथे तोच ओंडका असा घट्ट की पहार उडून परत आली. त्याला सालसुद्धा होती.

बाई शांतपणे बोलत होत्या. लाकूड पूर्ण पाण्यात असेल तर त्याला हवा लागत नाही आणि ते कुजत नाही, शंभर वर्षं नाही आणि दोनशे वर्षं नाही. पाणी खाली गेलं आणि डोकी उघडी पडली की कूज सुरू. खालची चिकणमाती भांड्यासारखी पाणी धरून ठेवते, ते कमी झालं तर वरून घालावं लागतं. मी विचारलं, बादलीने घातलं तर. त्या म्हणाल्या, रोज पातळी बघून कोणी घालत असेल तर आपल्या घरापुरतं पुष्कळ झालं, पण असं कोण करतं.

मग त्यांनी पंपाकडे पाहिलं. तो चालू होता. त्या उठल्या, बटण बंद केलं, आणि परत येऊन खड्ड्याचं माप घ्यायला लागल्या. मागच्या रस्त्याखालून गेलेल्या मोठ्या गटारातही जमिनीतलं पाणी मुरत असेल, असं निघताना म्हणाल्या. ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून म्हटलं असावं.

भिंत आमच्या बाजूला कलली आहे. काकांच्या बाजूने पाहिलं तर वरचा भाग मागे गेला आहे. म्हणून लंबक फळीला घासतात, ताई. काकांचा हात कुठेही गेलेला नाही. भिंत सरकते आहे, आणि प्रत्येक वेळी पुठ्ठा मी कापून दिला आहे. त्यांनी कधी भिंतीला ओळंबा लावला नाही. भिंतीवर कोण संशय घेतं.

पंप बंद आहे. मी नळीत पाणी ओततो आहे. आत्या वरून बादल्यांचा आवाज ऐकते. कुजलेलं लाकूड ओलं केल्याने परत लाकूड होत नाही हे मला कळतं, तरी ओततो.

काकांना अजून सांगितलेलं नाही. तू त्यांना लिहू नकोस. मला सांगू दे.

लोभाचं काय मागू.

खळ्या

१५ डिसेंबर

चि. खळ्या,
आशीर्वाद.

पंप मी सुचवला. दुकानदाराचा पत्ता माझ्या अक्षरात आहे. बाबांच्या खुळाला खूळ मी म्हटलं. तेव्हा यात निम्मा वाटा माझा आहे आणि तो मी काकांना तुझ्याआधी सांगायला तयार आहे.

पण तू शेजारी राहतोस. तू आजच्या आज त्यांच्या दुकानात जा. घर जाईल, त्याला आता इलाज नाही. त्या माणसाने आपला हात गेला असं समजून हत्यारं खाली ठेवावीत, याला इलाज आहे, आणि तो तुझ्या एका वाक्यात आहे. मी रोग्यांना याहून वाईट बातम्या दिल्या आहेत. पहिलं वाक्य उभ्यानेच सांगायचं. बसलास की सुचत नाही.

सांगितलंस की कळव.

ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या गेली. तार केली होती, पण घाटात रस्ता बंद असल्याने तू पोचू शकणार नाहीस हे ठाऊक होतं. म्हणून सविस्तर लिहितो.

गल्ली रिकामी करण्याची नोटीस आली. जमिनीखालच्या पाण्याची पातळी घटल्यामुळे घरं धोकादायक झाली आहेत, एवढंच तिच्यात आहे. नाव कोणाचंही नाही. आम्ही भाड्याच्या खोलीत आलो. आत्याला खुर्चीत बसवून खाली आणलं. तळघराच्या दारापाशी तिने थांबवायला सांगितलं आणि गाठ ओली आहे का विचारलं. मी ओली आहे म्हणालो. दोरी मी महिन्यात सोडली नव्हती. नव्या खोलीत तिने कपडे ट्रंकेतून काढलेच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी ही चहा घेऊन गेली तेव्हा तिचे हात गार होते. फार त्रास झाला नाही.

तू विचारशील ते सांगतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी काकांकडे गेलो. उभ्यानेच. नोटीस तोवर आली होती, ते हत्यारं कापडात गुंडाळत होते. चिमटे, भिंग, तो छोटा लेथ, सगळं बाजारातल्या एकाला देऊन टाकलं होतं, तो न्यायला यायचा होता. मला बघून म्हणाले, घराच्या आधी हात गेला ते एका परीने बरं, नाहीतर दुकानाचं दुःख झालं असतं. त्यांना हे म्हणताना बरं वाटत होतं, ताई. मग मी कसं सांगू.

त्यांनी त्याच भिंतीवरचं, दाराजवळचं मोठं घड्याळ दाखवलं. ते त्यांचं स्वतःचं, विकायचं नव्हतं. पुन्हा थांबलं होतं. खोली सोडेपर्यंत तरी चालू राहू दे म्हणाले आणि पुठ्ठ्याचा तुकडा मागितला. मी घरी आलो, कापला आणि नेऊन दिला.

निघायच्या दिवशी घड्याळं उतरवायला मीच गेलो. मागचे पुठ्ठे खाली पडले. ते त्यांनी वाकून गोळा केले. बाइंडरचा माल आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणाले. आता ते टेकडीवर पुतण्याकडे असतात.

तू रागावशील. रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
खळ्या

२९ जानेवारी

खळ्या,

आत्याचं पत्रात वाचलं आणि दिवसभर ड्यूटी केली. तिच्या ट्रंकेतली लोकरी शाल मला हवी आहे, दुसरं काही नको.

काल मी घड्याळकाकांना सगळं लिहिलं. पंप कोणी सुचवला, कोणी लावला, खड्डा केव्हा खणला, त्यात काय निघालं. तू सांगायला गेला होतास हेही लिहिलं आणि सांगितलं नाहीस हेही. तुझ्या वतीने माफी मागितली नाही. ती तुझी तू माग.

ताई

१६ फेब्रुवारी

रा. रा. बाइंडर यांस,
स. न. वि. वि.

आपल्या भगिनींचं पत्र मिळालं. त्यांना वेगळं उत्तर पाठवलं आहे. आपल्या आत्याबाई गेल्याचं वाईट वाटलं. गल्लीत त्या एकट्या माझ्याशी घासाघीस न करता भांडत.

मी जिथे राहतो ती टेकडी तीच, जिची अर्धी माती आपल्या गल्लीखाली गेली. उरलेली अर्धी खडक आहे. आल्या दिवशी पुतण्याने माझं मोठं घड्याळ भिंतीवर टांगलं. मी लावलं नाही, मला भरवसा नव्हता. नंतर खुर्चीवर चढून मी ते उतरवलं आणि स्वतः लावलं. मागे काही घातलं नाही. ते तेव्हापासून चालू आहे. मी रोज त्याच्यासमोर उभा राहत होतो आणि मला उलगडा होत नव्हता. मग पत्र आलं.

बाजारातल्या त्या माणसाकडे जाऊन आलो. लेथ त्याने परगावी विकला. चिमटे सुटे सुटे गेले. भिंग त्याच्याकडे होतं, ते त्याने मला तसंच देऊ केलं. मी घेतलं नाही. एकट्या भिंगाने काय बघायचं.

आपल्या वडिलांना मी पाणक्या म्हणत असे. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. ते माझ्याही भिंतीखाली पाणी घालत होते हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पंप लावला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या जागी असतो आणि बायको खोकत असती तर मीही लावला असता.

आपले पुठ्ठे या पुडक्यातून परत करत आहे. मोठ्या घड्याळामागचे आहेत, क्रमाने लावून बांधले आहेत. एकावर एक धरले तर अंगठ्याएवढी जाडी भरते. आपल्याला जाडी बोटाने कळते, तेव्हा मोजावी लागणार नाही. सगळ्यांत वरचा तुकडा मी वेगळ्या कागदात ठेवला आहे. तो इंजिनिअरबाई येऊन गेल्यानंतरचा. त्याच्या कडा आपण फार सुबक कापल्या आहेत.

लोभ होता, म्हणून एवढं लिहिलं.

घड्याळजी